बादलीतला शिंपला

चेन्नईच्या मांबलम स्टेशनच्या बाकावर विजयालक्ष्मीबाईंच्या शेजारी एक उघडी बादली ठेवली होती. तिच्यात खारं पाणी होतं आणि पाण्यात, दगडाला चिकटलेला एक मोठा शिंपला. बादलीचे मालक, रुचिरा आणि अनय, घर बदलत होते आणि मराठीत भांडत होते. नवरा गेल्यापासून बाईंनी आपल्या भाषेत असं गोड भांडण ऐकलं नव्हतं. त्यांनी जप थांबवला.

"सकाळपासून मिटलाय, रुचिरा. मेला असेल."

"मेला की शिंपला उघडा पडतो, अनय. मिटलाय म्हणजे जिवंत आहे."

"मग उघडत का नाही? बघू दे."

"दर दोन मिनिटांनी वाकतोस. तुझी सावली पडली की तो मिटणारच. मासा आला असं वाटतं त्याला."

"तीन वर्षं सांभाळलाय मी! मला घाबरेल?"

"एवढं डोकं वरून आलं तर कुणीही घाबरेल. जा, त्या खांबापाशी उभा राहा."

अनय गेला. पाण्यावर ऊन आलं.

"काही दिसतंय का गं?"

"फट पडलीय."

"आणि?"

"मांसाची निळी कड बाहेर येतेय. तू येऊ नकोस! अरे, पूर्ण पसरला, घरच्या टाकीत पसरतो तसा."

"आणि मी कधी बघायचं?"

"नव्या घरी. काचेतून, समोरून."

तांबरमची गाडी आली.

"बादली उचलू?"

"आत्ताच तर उघडलाय. पुढची घेऊ."

विजयालक्ष्मीबाईंनाही हीच गाडी हवी होती. पण उठलं की बादलीवरचं ऊन अडणार. त्या हलल्या नाहीत.