अप्पांची घंटी

परभणी स्टेशन, १९९३. माझ्याच बाकावर दोन कारकून पूर्णेच्या गाडीची वाट बघत होते.

"ऑफिसातला कॉम्प्युटर लय हळू चालायला होता. आतली यादी काढली, तर कुणाच्याच कामाचे नसलेले सहा प्रोग्राम मागं गुपचूप चालू."

"मग?"

"एकेक बंद केला. शेवटचा निघाला गुरुपादअप्पांचा, रोज पाचला घंटी देणारा."

"गाडी चुकू नये म्हणून त्यांनी स्वतःच लिहिलेला. रिटायर होऊन दोन वर्षं झाली की अप्पांना!"

"म्हणून तोबी बंद केला."

"बरं केलं तुमी."

"कशाचं बरं! काल पाच वाजले, घंटी वाजली न्हाई. तरी चहावाल्या बायनाबाई अप्पांच्या रिकाम्या खुर्चीकडं बघून म्हणल्याच, 'अप्पा, उठा, गाडी यायलीय!'"