पाडव्याचं पहिलं बिल

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या डाळमिलचे चेअरमन आदरणीय कृष्णराजदादा, व्यासपीठावरचे संचालक महारुद्रअप्पा, ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण सगळे जमलो ते अकाउंट्स विभागाचे प्रमुख वैजनाथकाका बिराजदार, सौ. उमाकाकू, लोहाऱ्याहून सकाळची जीप धरून आलेल्या हरणाबाई, आणि समोर बसलेले माझे सर्व सहकारी, हमाल बांधव आणि भगिनींनो,

मी शिवांजली. गेली चार वर्षं अकाउंट्समध्ये काकांच्या समोरच्या टेबलावर बसते. मला बोलायला पाच मिनिटं दिलीत. काकांनी मघाशी खुणेनं ‘दोन पुरे’ म्हणून सांगितलं. कौतुक ऐकताना त्यांना अवघडल्यासारखं होतं, पण आज त्यांचं ऐकायचं नाही असं ठरवूनच मी आले आहे. कौतुक तर करणारच. त्याबरोबर काकांच्या नावानं मीटिंगच्या वहीत एक ओळ लिहिली गेली आहे आणि ती खरी नाही, तेही आज सांगणार आहे.

आपल्या ऑफिसात बिलं वाचणारी एआय यंत्रणा कुणी आणली? तुम्हाला वाटत असेल, आम्हा पोरांनी. नाही. ती आणली तेव्हा छप्पन्न वर्षांच्या असलेल्या या गृहस्थांनी. पुण्याला जावयाच्या ऑफिसात त्यांनी पाहिलं, की बिलाचा फोटो काढला की आकडे आपोआप भरले जातात. परत आले ते थेट दादांच्या केबिनमध्ये गेले. दादा, तुम्ही म्हणालात, ‘काका, दोन वर्षं राहिलीत तुमची, कशाला डोक्याला ताप?’ काका म्हणाले, ‘माझी दोन राहिलीत, पोरांची तीस हायत.’

आणि सुरुवातही कशी शिस्तीत केली. पहिला महिना फक्त ट्रकची बिलं. तेच बिल यंत्र वाचणार, तेच मी हातानं भरणार, संध्याकाळी दोन्ही ताडून बघायची. आळंद, बसवकल्याणकडच्या गाड्यांची बिलं कानडी आकड्यांत, तिथं यंत्र अडखळायचं. काकांचं आजोळ आळंदचं. त्यांनी साठ-सत्तर बिलं एकेक करून दुरुस्त केली, तेव्हा कुठं यंत्राला ते आकडे कळू लागले. खरं सांगू? मला थोडा हेवा वाटला. मला टीडीएस शिकवताना त्यांनी एवढी माया दाखवली नव्हती.

जे बिल पास व्हायला अकरा दिवस लागायचे, ते दोन दिवसांत होऊ लागलं. सगळे खूश, आणि सगळ्यांत जास्त मी. इतकी, की मी बिल वाचायचंच सोडून दिलं. हिरवी खूण आली की बिल पुढं, लाल आली की परत.

त्या वर्षी दिवाळीत काका रजेवर होते. मिलला रिकामी पोती पुरवणाऱ्या हरणाबाईंचं बिल आलं आणि यंत्रानं लाल खूण केली: हेच बिल आधी येऊन गेलं आहे. नंबर एक, पोती एकशे एक, रक्कमही तीच. मी बटण दाबलं आणि पत्र निघालं, ‘आपण एकाच बिलाचे पैसे दोनदा मागितल्याचे दिसते, खुलासा करावा, तोवर आपले नाव पुरवठादारांच्या यादीतून स्थगित.’ पत्राखाली विभागप्रमुख म्हणून काकांचं नाव आपोआप छापलं जायचं. लोहाऱ्यात ते पत्र दुकानासमोर चार लोकांत मोठ्यानं वाचलं गेलं. हरणाबाईंनी त्या दिवशी दुकान बंद केलं.

काका आल्यावर त्यांनी फाइलमधून दोन कागद काढले आणि माझ्यापुढं शेजारी शेजारी ठेवले. एक बिल आदल्या वर्षीचं, जुन्या बिलांबरोबर यंत्रात भरून ठेवलेलं, आणि एक त्या वर्षीचं. हरणाबाई पाडव्याला नवं बिलबुक काढतात, नंबर एकपासून. मुहूर्ताला दरसाल एकशे एकच पोती देतात, त्याच भावानं, आणि तारखेच्या जागी नुसतं ‘पाडवा’ लिहितात. यंत्राला हे कुठून कळावं? पण मी उमरग्यात वाढले. माझ्या आजोबांच्या दुकानातही पाडव्याला असंच नवं बिलबुक निघायचं. मला माहीत होतं. मी कागद हातातच घेतला नव्हता.

आम्ही एसटीनं लोहाऱ्याला गेलो. हरणाबाईंनी आधी पाणी दिलं, मग म्हणाल्या, ‘बावीस वरसं पोती दिली. एक तरी कमी निघालं व्हय? दुसऱ्या कुणाचं पत्र असतं तर म्या चुलीत घातलं असतं. तुमचं नाव बघून लई लागलं.’ मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात काका म्हणाले, ‘चूक माझी हाय, बाई.’ ज्या चौघांत पत्र वाचलं गेलं, त्या चौघांना बोलावून त्यांनी माफी मागितली. येताना मी विचारलं, असं का केलंत? म्हणाले, ‘तू नवीन हाईस. तुझ्या नावाला डाग लागला तर पुसायला लई वर्षं जातील. आन् उद्यापासून ध्यानात ठेव, लाल आलं की आधी फोन.’ तो नियम आजही चालतो. त्यानंतर एकही पत्र फोन केल्याशिवाय गेलेलं नाही.

संचालकांच्या पुढच्या मीटिंगमध्ये विचारणा झाली. काकांनी तिथंही तेच उत्तर दिलं. वहीत लिहिलं गेलं, ‘वयोमानामुळे श्री. बिराजदार यांना नवीन यंत्रणा हाताळणे जमत नाही.’ ज्यांनी यंत्रणा आणली, त्यांच्याबद्दल. शेतकऱ्यांच्या तुरीच्या हिशोबपट्ट्याही यंत्रावर आणायच्या म्हणून काकांनी यंदा एक वर्षाची मुदतवाढ मागितली. तेव्हा तीच ओळ वाचून दाखवली गेली आणि अर्ज नामंजूर झाला. दोन्ही वेळा मी त्याच खोलीत फाइल धरून बसले होते. दोन्ही वेळा गप्प बसले. याची मला फार लाज वाटते.

दादा, अप्पा, मी मुदतवाढ मागायला उभी नाही. काकूंनी पुण्याची तिकिटं काढलीत, आता काका थांबायचे नाहीत. पण ती ओळ त्यांच्यामागं इथं राहू नये.

आयोजकांनी मला बोलू दिलं आणि तुम्ही सर्वांनी शांतपणे ऐकलं, त्याबद्दल मनापासून आभार. कुणाचं नाव राहिलं असेल, वेळ जास्त झाला असेल, मानापमानात कमी-अधिक झालं असेल, तर मोठ्या मनानं सांभाळून घ्या. त्या पत्राची चूक तेवढी माफ करू नका. वहीतली काकांची ती ओळ खोडा आणि चुकीपुढं माझं नाव लिहा. वही आमच्याच कपाटात असते, मी ती बरोबर आणली आहे.

काका, उठू नका. या वेळी तुम्ही माझ्या आधी बोलायचं नाही.