एकगठ्ठा माफी नको

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, आमच्या शिलाई केंद्राच्या संचालिकाबाई, व्यासपीठावरचे मौलाना साहेब, समोर बसलेल्या माझ्या सगळ्या मैत्रिणी, आणि ज्यांच्यासाठी हे हार आणलेत त्या आमच्या हेड कटर, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई,

उद्या जाऊबाई हजला निघतायत. आतापर्यंत सगळ्या जणी त्यांच्या कात्रीबद्दल बोलल्या. खरंच आहे, चिंधीसुद्धा वाया जाऊ देत नाहीत. पण मी इथे त्यांच्या हाताखाली शिवते आणि घरी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते. तेव्हा मला जरा वेगळं बोलू द्या.

हज म्हणजे काय? काबागृहाभोवती घातलेल्या फेऱ्या. बीबी हाजरा तान्ह्या बाळासाठी पाणी शोधत ज्या टेकड्यांमध्ये धावल्या, तिथे तसंच चालणं. अरफातच्या मैदानात उभं राहून केलेली तौबा, म्हणजे पश्चात्ताप. जाणारा प्रत्येक जण ‘लब्बैक’ म्हणतो, म्हणजे मी हजर आहे. पण मौलाना साहेब नेहमी सांगतात, अल्लाहच्या बाबतीत आपलं चुकलं ते अल्लाह माफ करील. माणसाच्या बाबतीत चुकलं, तर त्या माणसाकडेच जावं लागतं. म्हणून निघण्याआधी माफी मागायची रीत.

आता ही रीत मोबाईलवर आली आहे. जाऊबाईंचा मेसेज आला, ‘हजला जातेय, कळत-नकळत काही चुकलं असेल तर माफ करावं.’ गॅसची शेगडी दुरुस्त करणाऱ्याला तोच, मलाही तोच. सगळ्यांनी ‘माफ केलं’ लिहिलं. मी लिहिलं नाही.

तुम्हाला ठाऊक आहे, आमच्या सासूबाई माझ्याकडे असत. जाऊबाई रोज खाली उतरून मदत करायच्या. एके दिवशी सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि त्या दुखण्यातच गेल्या. फरशी ओली कोणी ठेवली? धाकटीने, असं घरात बोललं गेलं, मातीला आलेल्या लोकांत बोललं गेलं, आणि इथे मशिनींच्या खडखडाटातही मला ते ऐकू यायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मला काही आठवत नव्हतं. त्यांचं रिकामं अंथरूण पाहिलं की वाटायचं, असेन मीच.

म्हणून मोठ्या दिरांकरवी निरोप धाडला, मला एकगठ्ठा माफी नको, नेमकं काय चुकलं ते सांगा. लोक म्हणाले, हजला निघालेल्या बाईला अडवतेस? मी हट्टाला पेटले होते, खोटं कशाला बोलू.

एका दुपारी जिन्यात पावलं वाजली. सासूबाई गेल्यापासून ज्या माझ्याकडे फिरकल्या नव्हत्या, त्या जाऊबाई दुखऱ्या गुडघ्यांनी कठड्याला धरून उतरल्या. उंबऱ्यातच थांबल्या. म्हणाल्या, “फरशी मी पुसली होती. मला तेव्हाच ठाऊक होतं. तुझं नाव निघालं आणि मी गप्प बसले.”

मला राग आला. इतका, की मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. त्याच पुढे म्हणाल्या, “चारचौघांत तुझं नाव खराब झालं, चारचौघांतच साफ व्हायला हवं. मला रडू फुटेल. तू सांग, मी समोर बसते.”

म्हणून सांगितलं. बघा, त्या समोर बसल्यात, आणि मान खाली घातलेली नाही. अरफातच्या आधी त्या माझ्या उंबऱ्यात हजर झाल्या. माझ्या लेखी त्यांची हजयात्रा त्या जिन्यावरच सुरू झाली.

जाऊबाई, त्या दिवशी मी उत्तर दिलं नव्हतं. आज देते. मी माफ केलं, अगदी मनापासून. निर्धास्त जा. सासूबाईंसाठी दुआ मागाल तेव्हा आपल्या दोघींच्या वतीने मागा.

संचालिकाबाईंनी बोलू दिलं आणि मौलाना साहेबांनी मध्येच थांबवलं नाही, त्यांची मी आभारी आहे. माझ्या बोलण्याने कुणाचं मन दुखावलं असेल, तर सगळ्यांची एकदम माफी मागत नाही. कार्यक्रम संपला की मी दाराशी उभी राहते. ज्याला लागलं असेल त्याने यावं आणि नेमकं सांगावं.