कुंदाताईंचा वर्ग आणि भिंतीवरचं बटण

मंडळी, बसून घ्या. मागच्या बायांनो, पुढे या, सतरंजीवर जागा आहे. मी मनीषा, धसईची. कुंदाताईंची विद्यार्थिनी. ताईंना जाऊन आठवडा झाला, तरी त्यांच्याबद्दल "होत्या" म्हणायला जीभ वळत नाही. रडून झालंय माझं. आता राग उरलाय आणि तो आज बोलणार आहे.

मघापासून ऐकतेय. ताई थोर होत्या, मुरबाडचं भूषण होत्या. मंडळी, हे त्यांच्या कानावर का नाही घातलंत कधी?

वाशिंदचा कारखाना बंद पडला, तिथल्या कॉम्प्युटर खात्यात ताई होत्या. भंगारात निघालेला एक मोठा कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेले चार काळे पडदे, म्हणजे मॉनिटर, त्यांनी टेंपोत घालून इथे आणले. याच खोलीत. माऊस नाही, चित्रं नाहीत, सगळं कीबोर्डच्या कळा दाबून. बाजारातला क्लासवाला म्हणाला, "माऊस नाय तो कसला कॉम्प्युटर? बाई पोरींना भंगार शिकवते." आणि अख्खं गाव हसलं.

ताई म्हणायच्या, "हसू दे गो. तू लिहायला शीक."

पहिला धडा सगळ्यांना एकच. हात मांडीवर, नजर पडद्यावर. तो पडदा आधी फक्त हुकूम ऐकतो. आय हे इंग्रजी अक्षर दाबलं की लिहू देतो. एस्केपची कळ दाबली की परत हुकूम ऐकतो. आणि बाहेर पडताना त्याला सांगावं लागतं, लिहिलेलं ठेवायचं का टाकायचं. सांगितल्याशिवाय तो सोडत नाही.

आबा, ही खोली मंडळाची आणि तुम्ही मंडळाचे अध्यक्ष. वर्गाचं उद्घाटन तुमच्याच हातून झालं. आठवतं? ताई म्हणाल्या, "आबा, आधी आय दाबा." तुम्ही म्हणालात, "मला नको शिकवू." स्वतःचं नाव दामोदर लिहायला गेलात, पहिली अक्षरं त्याने हुकूम समजून गिळली, उमटलं नुसतं मोदर. पुसता येईना, बाहेर पडता येईना. चारचौघांत अडकलात. मग उठलात आणि भिंतीवरचं बटणच बंद केलंत. चारही पडदे त्या एका कॉम्प्युटरवर चालायचे. बाकीच्या पोरींनी सकाळपासून लिहिलेलं सगळं गेलं. "बिघडलाय," म्हणालात, आणि पेढा खाऊन निघालात.

ताई तुम्हाला चकार शब्द बोलल्या नाहीत. आमच्याकडे वळल्या. "बघितलंत? अडलं म्हणून बटण बंद करायचं नाय. थांबायचं. एस्केप दाबायचं. मग ठरवायचं, ठेवायचं का टाकायचं."

एवढ्यावर मला कल्याणला नोकरी लागली. परीक्षेला समोर तोच काळा पडदा होता. बाजारातल्या क्लासची मुलं माऊस शोधत बसली. पेढे घेऊन आले, तर ताई म्हणाल्या, "पेढे राहू दे. रविवारी येऊन नव्या पोरींजवळ बसत जा."

आणि परवा काय झालं? ताईंची राख थंड झाली नव्हती, मंडळाने बटण बंद केलं, वायरी उपसल्या, कुलूप घातलं. आज सभेपुरती खोली उघडलीय. उद्यापासून इथे मांडववाल्याच्या खुर्च्या राहणार. दाराशी बसलीय ती चंदा, ताईंची शेवटची विद्यार्थिनी. पुढच्या महिन्यात तिची परीक्षा आहे, तीच, मी दिली होती ती. तिला विचारलंत? कुणालाच विचारलं नाहीत. आबा, तुम्ही परत तेच केलंत. तेव्हा ताई गप्प बसल्या. मी बसणार नाही.

"बाई गेली, शिकवणार कोण?" असं म्हणालात ना काल? मी शिकवीन. दर रविवारी येईन. वायरी मी जोडीन. मला फक्त खोली हवी.

ताई, तुम्हाला जय भीम. तुमच्यासाठी आता आम्ही सगळे शांत राहणार आहोत.

मंडळी, उभं राहू नका. ताईंच्या वर्गात बसायचो तसे बसा. हात मांडीवर, नजर समोरच्या काळ्या पडद्यावर. मी "एस्केप" म्हणेन तेव्हा मौन संपेल. मग आबा, सगळ्यांसमोर सांगा, हा वर्ग ठेवायचा का टाकायचा. सांगितल्याशिवाय आज मी तुमाला सोडणार नाय.