शेवटी उरलेले पत्रे

बसा मंडळी, बसा. मागं उभं राहिलेल्यांनी पुढं या, जागा आहे. अण्णांच्या पत्नी, शालिनीवैनींनी सांगितलं म्हणून उभा राहिलोय. मला बोलता येत नाही. आज तर येतच नाही. दवाखाना आणि घर करून आम्ही सगळे थकलोय. तुम्हीही थकलाय, दिसतंय मला.

वसंतअण्णा गेले.

मी परशराम, गवंडी. अण्णा इंजिनिअर. ते आखायचे, मी बांधायचो. जोयडा तालुक्यात आम्ही पुष्कळ कामं केली. त्यातल्या एकाच कामाबद्दल बोलतो. आपल्या गुंद गावातल्या या इमारतीबद्दल, जिच्यात आपण आत्ता बसलोय.

आठवतंय ना? ही पडीक शाळा होती. ती पाडायची आणि नवं समुदाय भवन बांधायचं, असं ठरलेलं. जेसीबी दारात येऊन उभा. अण्णांनी भिंतींना हात लावत एक फेरी मारली.

"परशराम, हे पाडायचं कशाला?"

"अण्णा, ठरलंय तसं."

"ठरलं असेल. पण चिऱ्याला काय झालंय? छप्पर गेलंय, तेवढं बदलू."

मंडळी, त्या दिवशी आपण सगळेच चिडलो होतो. आम्हाला नवं पाहिजे, हा माणूस जुनंच गळ्यात मारतोय, असं म्हणालो होतो. अण्णा भांडले नाहीत. त्यांनी नुसतं ओहोळाकडं बोट दाखवलं. वरच्या रस्त्याच्या कामाचा राडारोडा कुणीतरी तिथं लोटला होता. पावसात तो सगळा खाली भाताच्या खाचरांत उतरला. ती खाचरं ज्यांची, ते इथंच बसलेत. "हे पाडलं तर टाकणार कुठं?" अण्णांनी विचारलं.

जेसीबी परत गेला.

अण्णांचं एक ठरलेलं बोलणं असायचं. आम्हाला कंटाळा येईपर्यंत बोलायचे. आधी कचरा होणारच नाही असं बघ. होणारच असेल तर थोडा होऊ दे. निघालेली वस्तू आहे तशी वापर. तशी चालत नसेल तर फोडून तिचं दुसरं काहीतरी कर. आणि ज्याचं काहीच होत नाही, ते शेवटी, नीट, योग्य जागी नेऊन पूर. "लोक शेवटापासनं सुरुवात करत्यात, परशराम. आधी खड्डाच शोधत्यात."

ऐकायला सोपं आहे. करायला जीव जातो. एकेक वासा उतरवायचा, खिळे उपसायचे, कीड लागलेलं तेवढंच कापायचं. कौलं निवडायची. पडलेला गिलावा कुटून जोत्याच्या भरावात घालायचा. माझी माणसं वैतागायची. मी वैतागायचो. अण्णा आपले खोकत उभे.

आणि मग पत्रे निघाले. मागच्या खोल्यांवर सिमेंटचे जुने पत्रे होते, ॲस्बेस्टॉसचे. अण्णांची सख्खी धाकटी बहीण, आमच्या सुभद्राक्का, या पुढं बसल्यात. त्यांचा गोठा गळत होता. त्या आल्या.

"अण्णा, ते पत्रे मला दे. तूच सांगतोस न्हवं, काय बी टाकू नका म्हणून?"

"हे न्हाई, सुभद्रे."

"का? मी परकी हाय व्हय?"

"ह्याची धूळ छातीत जाऊन बसती. तू कापणार, भोकं पाडणार. घरात पोरंबाळं हायत. हे कुणालाच द्यायचं न्हाई."

अक्का रागानं निघून गेल्या. त्या वर्षी भाऊबीजेलाही आल्या नाहीत. साऱ्या गावाला जुनं वापरा म्हणून सांगतो आणि बहिणीच्या गोठ्याला पत्रा देत नाही, असं लोक बोलले. अण्णांनी ऐकून घेतलं. मला एकट्याला म्हणाले, "तरुणपणी मी हे पत्रे करवतीनं कापलेत. तोंडाला रुमालसुद्धा न्हवता. कोण सांगणार होतं?"

त्यांचा खोकला आपल्याला सगळ्यांना ठाऊक होता. तो कशानं, ते डॉक्टरांनी ठामपणे सांगितलं नाही. मीही सांगणार नाही.

पत्रे पाणी मारून, न फोडता उतरवले. जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून बांधले. मग ते न्यायला कुणी तयार होईना. जोयड्याला जा, कारवारला जा. इथं होत नाही, तिथं विचारा. अण्णा बसनं जायचे, तसेच परत यायचे. मी एकदा वैतागून विचारलं, "अण्णा, चार पत्र्यांसाठी एवढं?"

"शेवटची पायरी हाय म्हणून कशीबी उतरायची काय?"

असला माल नीट पुरतात अशी एक जागा शेवटी सापडली, खूप लांब. ट्रकमध्ये अण्णा स्वतः बसून गेले. आले ते आडवेच झाले. "दमलो रे," म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. त्यानंतर ते कामावर आले नाहीत.

मागच्या आठवड्यात सुभद्राक्का भेटायला आल्या. मी तिथंच होतो. दारातच थांबल्या. अण्णांनी विचारलं, "गोठा गळतोय अजून?"

"न्हाई. कवलं घातली. शाळेवरची, उरलेली." मग माझ्याकडं बोट दाखवून अण्णांना म्हणाल्या, "ह्याच्या नावावर तूच धाडलीस. मला कळत न्हाई व्हय?"

अण्णा हसले. हसता हसता खोकला आला. अक्का आत आल्या, त्यांच्या पाठीवरनं हात फिरवत बसल्या. मी बाहेर आलो.

अक्का, रडा. आवरू नका.

मला आता बसू द्या, मंडळी. जाताना अण्णांना एकेका श्वासासाठी झगडावं लागलं. आपल्याला श्वास घेता येतोय. उभे राहूया, आणि त्यांच्यासाठी थोडा वेळ गप्प राहूया.

अण्णा, पडा आता निवांत. उद्याच्या कामावर मी जातो.