हातचा एक

नाही नाही, तसं नाही, वर्ग चांगला आहे. उत्तमच आहे — मी फक्त एवढंच म्हटलं की पंख्याखाली उभ्या राहू नका. पडणार नाही तो, पडायचा असता तर एव्हाना पडला असता — पण आवाज असा करतो की आता पडतोय. आणि फळा जरा डुगडुगतो. बेरजेखाली रेघ ओढायला गेलं की अख्खा फळा नाही-नाही म्हणतो. मला चालतं म्हणा, घरीही सगळे तेच म्हणतात. बसा ना. मुख्याध्यापिकाबाई फोनवर आहेत, बोलावतील. दुसरीच्या जागेसाठीच आलात ना? — हां, फाइल अशी दोन्ही हातांनी छातीशी धरली की मुलाखतच असते. पाणी हवंय? मावशी देतील. नको? बरं.

मी? मी कुणी नाही. म्हणजे सध्या दुसरीचा गणिताच्या सरावाचा तास मी घेतो, आपला तात्पुरता. आधीच्या बाई बाळंतपणाला गेल्या, त्या आता परत येत नाहीत म्हणतात. माझी मुलगी मुख्याध्यापिकाबाईंची मैत्रीण, तिनंच हे लावून दिलं. म्हणाली, "बाबा, कडी लागली का, गॅस बंद झाला का, असं दिवसभर बघत फिरण्यापेक्षा चार पोरांचे पाढे तरी घ्या, मला जरा श्वास घेऊ द्या." आता कडी मी दोनदा बघतो हे खरं, पण एकदा ती खरंच लागलेली नव्हती — जाऊ दे. शिकलेला आहे हो मी. फार शिकलेला, तोच तर घोटाळा आहे. जन्मभर विद्यापीठात गणित शिकवलं, पण त्या गणितात आकडे नसतात. खोटं नाही सांगत — माझ्या प्रबंधात पानांचे क्रमांक सोडले तर एक आकडा सापडायचा नाही, आणि त्या क्रमांकांतलाही एक चुकला होता. असा माणूस दुसरीच्या वर्गात सोडायचा म्हणजे — तुम्हीच सांगा.

पहिल्याच दिवशी मी मोठ्या उत्साहानं म्हटलं, "नऊ नवे एक्क्याऐंशी." खिडकीपाशी एक मुलगा बसतो, वकील म्हणतात त्याला सगळे, तो उभा राहिला. "आजोबासर, नऊ नवे एक्क्याऐंशी, तर मग नऊ जुने किती?" आता काय सांगाल? तुम्ही काय सांगितलं असतंत? — बघा, तुम्ही हसलात. हसायचं आणि "बस खाली" म्हणायचं, तेच बरोबर. मी काय केलं? मी विचारात पडलो! मग समजावत बसलो, की बाळा, हे नवे म्हणजे नवीन नव्हेत, पाढ्यात दोनाचं दुणे होतं, तिनाचं त्रिक होतं, तसं नवाचं नवे — तेवढ्यात मागून एक चिमणा आवाज, "मग बे कोण?" तास संपला. पाढा तिथेच. दुसऱ्या दिवशी जुने नऊ शेजारच्या वर्गातही पोचले होते, आणि तिथल्या बाई अजून माझ्याशी बोलत नाहीत.

हे मी कशाला सांगतोय? तुम्हाला घाबरवायला? छे! — थोडंसं. — खरं सांगू का, बरंचसं. पण आता सुरुवात केलीच आहे तर मुंगीचं ऐका. मुंगी म्हणजे एक मुलगी आहे एवढीशी, फारशी बोलत नाही. तिचा हातचा नेहमी हरवायचा. अडतीस अधिक सत्तावीस — आठ आणि सात पंधरा, पंधराचे पाच लिहायची, हातचा एक म्हणायची, आणि दशकाच्या घरात पोचेपर्यंत तो एक गायब. उत्तर पंचावन्न. रोज पंचावन्न! मी विचार केला, की आपण हातचा हातचा म्हणतो, पण कुणाचा हात? कुठे ठेवायचा तो? कुणी सांगतच नाही पोरांना. म्हणून मी म्हटलं, "बाळ, हातचा म्हणजे हातातला. मूठ मीट. घट्ट धर, आणि दशकांची बेरीज होईपर्यंत सोडायचा नाही." तिनं डाव्या हाताची मूठ मिटली. मला इतका आनंद झाला, म्हटलं वा, काय सुचलंय म्हाताऱ्याला — आणि घंटा झाली. शुक्रवार होता. पोरं पळाली. मी चष्म्याचं घर शोधत राहिलो. "सोड" म्हणायचं राहून गेलं.

ती मूठ तशीच घरी गेली हो. एका हातानं जेवली, आंघोळीच्या वेळी मूठ दाराबाहेर — "भिजेल" म्हणे. आईनं समजावलं, दटावलं, गुदगुल्या केल्या. रविवारी बाप डॉक्टरकडे घेऊन गेला, हात आखडला म्हणून. डॉक्टर म्हणाले, "उघड बघू," तर ही म्हणते, "दशक राहिलंय." हसू नका — म्हणजे हसा, मीही हसतो, पण सोमवारी सकाळी तिची आई इथेच, तुम्ही बसलात तिथेच बसली होती आणि ती हसत नव्हती. "तुमचा म्हातारा माझ्या पोरीला शिकवतो तरी काय?" इतक्या मोठ्यानं, की वरच्या मजल्यावरची प्रार्थना थांबली. मी दाराआड. बाहेर यायला पाहिजे होतं. नाही आलो.

वर्गात गेलो तो घाबरतच. गणित फळ्यावर तसंच होतं, खाली तो एकटा पाच. मुंगी आपणहून उठून आली. "तीन आणि दोन पाच," म्हणाली, आणि मूठ माझ्या नाकापुढे उघडली. आत काय असणार? घाम, आणि नखांचे वण. "आणि हा एक. सहा." पासष्ट, बाई! मोठमोठ्या लोकांनी केलेल्या सिद्धता पाहिल्यात मी, चार फळे भरून केलेल्या — पण उत्तर असं कुणी आणून दिलं नव्हतं मला. मग तिनं हात झटकला आणि म्हणाली, "आजोबासर, जड होता." आणि जागेवर जाऊन बसली.

त्याच दुपारी ती जाहिरात निघाली. हो, तुम्ही वाचलीत तीच. तोवर कुणाला घाई नव्हती. मुख्याध्यापिकाबाईंचं चुकलं असं मी म्हणत नाही, मी त्यांच्या जागी असतो तर म्हाताऱ्याला त्या सकाळीच — काय? आज माझा तास? नाही, आज नाही. मग इथे का — असाच. येणाऱ्याला पंख्याविषयी, फळ्याविषयी दोन शब्द सांगावेत म्हणून. परवा एक गृहस्थ आले होते, त्यांना पंख्याचं जरा जास्तच रंगवून सांगितलं गेलं. पाणी पिऊन येतो म्हणाले ते अजून पीतच आहेत. पण ते वकिलाच्या प्रश्नावर हसले नव्हते हो! "शिस्त नाही" म्हणाले. तुम्ही हसलात. त्यामुळे माझी पंचाईत झालीय. तुम्हाला घालवावं असं वाटेना, आणि राहाव्यात म्हटलं तर मी कुठे जाऊ?

मागचा बाक रिकामा असतो. तिथे एखादा म्हातारा बसलेला चालेल का तुम्हाला? बोलणार नाही. पेन्सिलींना टोक काढून देईन. मुठी मिटायला तर कुणालाच सांगणार नाही. घरी मला कुणी काही विचारत नाही, जावई तर शेजारी बसून मोबाइलला विचारतात — आणि इथे कुणीतरी उभं राहून विचारतं, काहीही असो, मला विचारतं. नाही म्हणालात तरी — हां, बोलावलं. उठा, उठा. फाइल उलटी धरलीय, सरळ करा. काय? मला? आत्ता? — सतरा साते? माझी परीक्षा घेताय होय! एकशे एकोणीस. एकोणीसच. थांबा, थांबा, ताडून बघतो — सतरा सक एकशे दोन, त्यात सतरा मिळवले — एकोणीसच. हसलात? बरोबर आलं म्हणून हसलात, की — म्हणजे मी येऊ ना मागच्या बाकावर? बाई? अहो बाई —

लावलं दार. मावशी, तुम्ही पाहिलंत ना? त्या का हसल्या? — नको. राहू दे, सांगू नका.