नवरीच्या नावाची सफरचंदं

सूर्याने फळावर लिहिलेलं कुणालाही पुसता येत नाही, असं पॅरिसजवळच्या मोंत्रेय गावात मानतात. पावाच्या रांगेत दोन शेजारणी बोलत होत्या.

"सुझान, लग्नाची सफरचंदं पिकली का गं?"

"लालबुंद! घराच्या उन्हाच्या भिंतीला झाड पसरलंय. प्रत्येक फळावर मी कागदातून कापलेलं नवरीचं नाव चिकटवलं होतं. कागदाखाली ऊन न लागल्यानं पांढरं राहिलंय, 'क्लोतिल्द'."

"मग तोंड का पाडलंयस?"

"लेकानं नवरी बदलली."

"अगं बाई! आता गं?"

"आता काय? पुढच्या वर्षी नवीचं नाव चिकटवीन. तोवर टिकली तर."

"आणि शनिवारी लग्नात पाहुण्यांना काय देशील?"

शनिवारी पाहुण्यांना सफरचंदं मिळाली. सोललेली.